शेजारच्या कानाची ओ

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०१४, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. रुग्णालयाच्या कान-तपासणी विभागातील नोंदवहीत त्या घडीला एकेचाळीस हजार तीनशे सातवा क्रमांक पडला, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत मोजणीमास्तरांनी प्रथमच त्या क्रमांकापुढे स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला.

मोजणीमास्तर हे नाव त्यांना कोणा मिश्किल परिचारिकेने दिले होते आणि ते चपखल होते. जिना चढताना पायऱ्या मोजणारा, साखरेचा चमचा बोटाने सपाट करून घेणारा, दाढीचे पाते बदलले की दिनदर्शिकेत त्याची खूण करणारा हा माणूस. आज त्यांच्यासमोर खुर्चीत बसली होती ती त्यांची धाकटी बहीण. तिला घरात आणि बाहेर सगळेच टिचकी म्हणत. ती जन्मापासून दृष्टिहीन होती. कोणत्याही नव्या खोलीत पाऊल टाकले की ती उजव्या हाताची टिचकी वाजवी, आणि आवाज भिंतींवरून परत कसा येतो त्यावरून खोली केवढी, दार कुठे, कपाट कुठे हे सांगे. चोपन्न वर्षांची झाली तरी नाव बदलले नव्हते, कारण सवय बदलली नव्हती.

चार दिवस तिला सर्दी होती. आज उठली तो डावा कान बंद. कापूस कोंबल्यासारखे वाटते, म्हणाली. दादाचा हात धरून ती रुग्णालयात आली आणि खुर्चीत बसता बसता तिने विचारले, "तुझ्या दुकानात आज माझा नंबर कितवा?"

"तिसरा."

"मग ओळखीचा उपयोग काय झाला?"

मास्तर हसले. हसणे त्यांना जमत नसे. भीती वाटली की ते जरा जास्त हसत.

भीतीचे कारण साधे होते. टिचकी एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर काम करी. घरापासून बसथांब्यापर्यंत सहाशे चाळीस पावले, आणि मध्ये सिग्नल नसलेला एक रस्ता. तो रस्ता ती पस्तीस वर्षे एकटीने ओलांडत आली होती. गाडी डावीकडून येते की उजवीकडून, जवळ येते की दूर जाते, हे दोन कानांना आवाज किंचित मागेपुढे पोहोचतो त्यावरून कळते. एका कानाने आवाज ऐकू येतो, त्याची दिशा मात्र कळत नाही. काठी जमिनीवरचा खड्डा सांगेल. पण अंगावर येणारी मोटार तिला कानांनीच ओळखायची होती.

एकटीने जाण्याची परवानगी तिला फुकट मिळालेली नव्हती. ती एकोणीस वर्षांची असताना वडिलांनी एक परीक्षा ठरवली. अंगणात मध्यभागी तिला उभे करायचे, भोवती खडूने आठ दिशांच्या आठ खुणा करायच्या. एका डब्यात चाळीस चिठ्ठ्या, प्रत्येक दिशेच्या पाच. चिठ्ठी निघेल त्या खुणेवर दादाने जायचे, पावले वाजू नयेत म्हणून अनवाणी, आणि एकदाच टाळी वाजवायची. तिने हात करून दिशा दाखवायची. चाळीसपैकी तीस बरोबर आल्या तरच एकटीने बाहेर. त्या दिवशी तिने चाळीसपैकी चाळीस दाखवल्या, आणि वडील आत जाऊन तोंड धुऊन आले.

वडील गेले, अंगण गेले, पुढे मास्तरांची पत्नीही गेली. परीक्षा मात्र राहिली. दर वाढदिवसाला इमारतीच्या गच्चीवर ती होत असे आणि आकडा एका जुन्या वहीत लिहिला जात असे. गेल्या वाढदिवसाला अडतीस आल्या होत्या. खाली कोणाच्या तरी बांधकामावर सिमेंट कालवण्याचे यंत्र घरघरत होते आणि दोन टाळ्या त्याने गिळल्या अशी तिची तक्रार होती. मास्तरांनी तिला समजावले होते की जाड, भारी आवाज बारीक आवाजाला सहज झाकतो. बारीक आवाजाला भारी आवाज झाकणे जड जाते. "म्हणजे माणसांसारखंच," ती म्हणाली होती.

तर आता तपासणी. विभागातील दुहेरी भिंतींच्या लहानशा खोलीत रुग्णाला बसवायचे, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचे. बाहेर काचेपलीकडे यंत्र. मास्तर सूर सोडणार, ऐकू आला की रुग्णाने बटण दाबायचे. ऐकू आलेला सर्वांत हळू आवाज हा त्या कानाचा आकडा, आणि आकडा जितका लहान तितका कान चांगला. मग हेडफोन काढून कानामागच्या हाडावर कंपनाची चकती लावायची आणि तेच पुन्हा. हेडफोनमधला आवाज पडद्यातून आत जातो, चकतीचा थेट हाडातून. दोन्ही आकड्यांची तुलना केली की दोष पडद्यापाशी आहे की आतल्या नसेत, हे कळते.

यात एक फसगत असते, आणि ती मास्तरांइतकी कोणाला ठाऊक नव्हती. डाव्या कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीतून झिरपून उजव्या कानापर्यंत जातो. हाडावरची चकती तर दोन्ही कानांना एकदमच हलवते. डावा कान पार गेलेला असला तरी रुग्ण बटण दाबतो, कारण उजव्याने ऐकलेले असते. मास्तर शिकाऊ मुलामुलींना सांगत, "चांगला कान फार भिडस्त असतो. शेजाऱ्याच्या नावाने हाक मारली तरी हाच ओ देतो. शेजारी घरात मरून पडला असेल, तरी आपल्याला वाटतं माणूस आहे." म्हणून शेजारच्या कानाची तपासणी चालू असेपर्यंत चांगल्या कानात एक सलग शूऽऽ असा आवाज सोडून ठेवायचा. त्या आवाजात तो गुंतला की मग आजारी कानाचे खरे काय ते कळते. याला विभागात मास्किंग म्हणत. यंत्राच्या वरच्या भिंतीवर मास्तरांनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात कागद लावला होता: फरक चाळीस किंवा अधिक, तर चांगल्या कानाला गुंतवल्याशिवाय मोजू नये.

टिचकीचा उजवा कान दहावर आला. उत्तम. डावा साठावर. फरक पन्नास. मास्तरांनी बटण फिरवून उजव्या कानात शूऽऽ सोडला.

काचेपलीकडे तिचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आवळले गेले. ती खोलीत शिरली तेव्हाच कुरकुरली होती, कारण त्या मऊ भिंती टिचकी परत करत नाहीत. इथे संध्याकाळ झाल्यासारखे वाटते, म्हणाली होती. आता उरलासुरला उजेडही गेला. ध्वनिक्षेपकातून तिचा श्वास मास्तरांना ऐकू आला, आणि मग तिचा आवाज, जो त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"दादा, बंद कर ते. मला काही दिसत नाहीये."

चोपन्न वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून प्रथमच निघाले होते.

मास्तरांचा हात त्यांच्या नकळत बटणावर गेला. शूऽऽ थांबला. तिचे हात सैल झाले. त्यांनी तिला पाणी दिले, इकडचे तिकडचे बोलले, आणि उरलेली मोजणी मास्किंगशिवाय पूर्ण केली. चकतीवर डावा कान दहा आला. हेडफोनवर साठ, चकतीवर दहा. सर्दीचे पाणी पडद्यामागे साचले की आलेख हुबेहूब असाच निघतो. नस ठणठणीत, वाटेत अडथळा, तीन आठवड्यांत आपोआप बरे. आलेख इतका समजूतदार होता की मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला.

एक रकाना उरला होता. मास्किंगचा. तो कोरा असला तर विभागाच्या डॉक्टरीणबाई कागद परत पाठवत. ती शिस्त मास्तरांनीच विभागाला लावलेली. त्यांनी लिहिले: ५०. हात सवयीने लिहून गेला असे त्यांनी पुढे स्वतःला अनेकदा सांगितले. पण सवयीचा हात थबकत नाही, आणि तो थबकला होता.

डॉक्टरीणबाईंनी आलेख पाहिला, रकाना पाहिला, खालची सही पाहिली. मास्तरांची सही असली की त्या दुसऱ्यांदा पाहत नसत. नाकात घालायचे थेंब, वाफ, तीन आठवड्यांनी पुन्हा या. टिचकीने जाता जाता सांगितले की कान पाण्याने भरलाय तर निदान आंघोळ तरी एक दिवस माफ करा. सगळे हसले.

सर्दी उतरली की दोन दिवसांनी पुन्हा मोजू, नीट मोजू, असे मास्तरांनी ठरवले होते. एरवी दाढीच्या पात्याची तारीख लिहिणाऱ्या मास्तरांनी या एका कामाची तारीख कुठेच लिहिली नाही. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली की फरक नाही. त्यांनी सांगितले, पाणी आहे, वेळ लागतो. दुसऱ्या आठवड्यात ती चालताना चौकटीला डावा खांदा घासू लागली. त्यांनी सांगितले, वाफ नीट घे. घरात ते तिच्या उजव्या बाजूने बोलू लागले आणि आपण तसे करतो आहोत हे आपल्याला कळलेले नाही, असे वागत राहिले.

सोमवारी, १ डिसेंबरला, त्या सिग्नल नसलेल्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. तिला ती उजवीकडून ऐकू आली, म्हणून टिचकी डावीकडे सरकली. सायकल डावीकडूनच येत होती. कोपर सोलवटले, काठी मोडली, सायकलवाल्याने शिव्या दिल्या आणि मग तिचे डोळे पाहून तो स्वतःच रडकुंडीला आला. त्याने तिला घरी आणून सोडले. कोपराला औषध लावून घेताना तिने एवढेच विचारले की पाण्याने दिशा उलटी होते का. मास्तर पट्टी गुंडाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा त्या खुर्चीत बसली. मास्तर यंत्रापुढे बसले, बटणाकडे हात नेला आणि तो तिथेच राहिला. सहीसाठी कागद घेऊन आलेली त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता विभागातली दुसरी तंत्रज्ञ, दारात उभी होती. ती म्हणाली, "सर, उठा. मी करते."

तिने काही ऐकून घेतले नाही. आधी खोलीत जाऊन टिचकीच्या गुडघ्यावर हात ठेवला, आवाज कसा येईल, किती वेळ येईल, कधी थांबेल ते सांगितले, आणि मग उजव्या कानात शूऽऽ सोडला. टिचकीने दात आवळले. मास्तर काचेशी उभे राहून पाहत होते. समजावून सांगायला लागलेला वेळ त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिला होता. पाऊण मिनिट.

डाव्या कानात साठ. बटण दाबले गेले नाही. सत्तर. नव्वद. शंभर. यंत्राची सीमा एकशेदहा. टिचकी मान किंचित वळवून वाट पाहत बसली होती, सुरुवात कधी होते याची.

विद्यार्थिनीने आधीचा कागद शेजारी ठेवला, रकाना पाहिला आणि मान वर केली नाही.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिघे होते. बाई, मास्तर आणि मास्तरांच्या उजव्या हाताला टिचकी. बाईंनी दोन्ही आलेख एकावर एक धरले. नस अचानक गेलेली आहे, असे त्या सावकाश म्हणाल्या. असे सर्दीनंतर कधी कधी होते. पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर निम्म्याहून अधिक जणांना थोडेफार ऐकू परत येते. आज बाविसावा दिवस. मग त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवले आणि मास्तरांना विचारले की उजव्या कानाला मास्किंग पन्नास दिल्यावर नस गेलेल्या डाव्या कानाचे चकतीवर दहा कसे येतील.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मास्तरांना स्पष्ट ऐकू येत होता. त्यांचे स्वतःचे दोन्ही कान वयाच्या मानाने उत्कृष्ट होते.

"दिलं नव्हतं," ते म्हणाले. "लिहिलं होतं."

बाईंनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. नियमाप्रमाणे आपल्याला हे वर कळवावे लागेल, असे त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान हलवली. कबुलीचा अर्ज त्यांनी आदल्या रात्रीच लिहून खिशात आणला होता. टिचकीने उजवा कान ज्या बाजूला बोलणे चालले होते तिकडे केला होता. तिने सगळे ऐकले होते. तिचा चेहरा पाहण्याचे धैर्य मास्तरांना झाले नाही, आणि आपण पाहत नाही हे तिला दिसत नाही, याचा त्यांना त्या दिवशी आयुष्यात प्रथमच आधार वाटला. मागाहून त्याचीही शरम वाटली.

उशिरा का होईना, औषध दिले गेले. दहा दिवस गोळ्या, कानाच्या पडद्यातून तीन इंजेक्शने. प्रत्येक इंजेक्शनानंतर मास्तर तिच्या डाव्या बाजूला उभे राहून टाळी वाजवत, आणि ती उजवीकडे तोंड करून म्हणे, "आली. उजवीकडून."

घरी ती नेहमीसारखी वागत होती, आणि तेच सहन होत नव्हते. भांडली असती तर मास्तरांनी मान खाली घालून ऐकले असते. ती रोजची कामे करी, कचेरीला त्यांच्या हाताला धरून जाई, हेडफोन उजव्या कानाला लावून दिवसभर जोडण्या करी. टिचकी वाजवणे मात्र तिने सोडले. एका संध्याकाळी मास्तरांनी धीर करून म्हटले की चूक माझी आहे, तुझ्यापाशी तोंड दाखवायला जागा उरली नाही. तिने उजवा कान त्यांच्याकडे वळवला.

"बंद कर असं मीच म्हटलं होतं. तू बंद केलास तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं, दादा." मग तिने डाव्या कानावर तळवा ठेवला. "तोच आवाज आहे आत. शूऽऽ. त्या दिवसापासून डावीकडे चालूच आहे. तो कुणी बंद करत नाही."

मास्तरांना ठाऊक होते. नस मेलेल्या कानात असा आवाज राहतो, हे ते विद्यार्थ्यांना दुसऱ्याच तासाला शिकवत. कोणत्याही यंत्राला न सापडणारा, फक्त तिला ऐकू येणारा.

शनिवारी, २० डिसेंबरला, दुपारी चार वाजता तिने जुनी वही मागितली.

वाढदिवसाला चार महिने अवकाश होता. मास्तरांनी आजच कशाला असे म्हणून पाहिले. ती म्हणाली की सोमवारपासून मी एकटी जायचं की नाही, ते मला माझ्या परीक्षेवरून ठरवायचं आहे. डॉक्टरांच्या कागदावरून नाही आणि तुझ्या तोंडावरून तर नाहीच. तीस आल्या तर काठी घेऊन एकटी. खाली आल्या तर पुन्हा कधी विषय काढायचा नाही.

गच्ची कोरडी होती. वारा नव्हता, खालचे बांधकाम कधीच संपले होते, इतकी शांत दुपार परीक्षेला पूर्वी कधी मिळाली नव्हती. मास्तरांनी खडूने आठ खुणा केल्या, मध्यापासून प्रत्येकीचे अंतर फितीने मोजले. चिठ्ठ्यांचा डबा हलवला. जोडे काढले. मध्यभागी उभी राहून टिचकीने केस कानांमागे घेतले, दोन्ही कानांमागे, आणि म्हणाली,

"मी अंदाज करणार नाही. ऐकू येईल तेच दाखवणार. आणि तू या वेळी खरं लिही."

पहिली चिठ्ठी मागच्या बाजूची. मास्तर अनवाणी गेले, टाळी वाजवली. तिने हात उजवीकडे केला. दुसरी पुढची. उजवीकडे. तिसरी डावी. मास्तर तिच्या डाव्या खांद्यापासून दहा पावलांवर होते. तिचा पंजा त्यांच्याकडे पाठ करून उजवीकडे गेला आणि तिथे ताठ उभा राहिला.

सातव्या टाळीला हात उचलण्यापूर्वी ती थांबली. तिने मान डावीकडे वळवून पाहिली, उजवीकडे वळवून पाहिली, जणू आवाज अजून हवेत कुठे अडकला असेल तर तो सोडवून घ्यावा. मग हात उजवीकडे गेला. दहाव्या टाळीनंतर तिने ओठ घट्ट मिटले आणि पुढे ते उघडले नाहीत.

पुढची चिठ्ठी वाचून मास्तर डब्याशी उभे राहिले. कोणत्या खुणेवर जायचे, हे फक्त त्यांनाच दिसत होते. यापुढे प्रत्येक वेळी उजव्या खुणेवर जाऊन टाळी वाजवली असती, तर उरलेल्या तीसच्या तीस बरोबर आल्या असत्या, आणि तिला कळले नसते. सोमवारी रस्त्यावर कळले असते. ते चिठ्ठीवर लिहिलेल्या खुणेवर गेले.

विसाव्या टाळीनंतर त्यांनी विचारले की थांबूया का. तिने मानेनेच नाही म्हटले. परीक्षा वडिलांची होती. ती अर्धी सोडायची नसे. ऊन भिंतीवरून उतरले, मास्तरांचे तळवे लाल झाले, खडूच्या खुणा त्यांच्याच पावलांनी पुसट झाल्या. चाळिसावी चिठ्ठी डाव्या खुणेची निघाली. त्यांनी टाळी वाजवली, आणि तिचा हात उजवीकडे वर झाला व बराच वेळ तसाच राहिला. खाली आणायला कोणी सांगावे, याची ती वाट पाहत असावी.

मास्तरांनी तो हात धरून खाली आणला. मग डब्याच्या झाकणावर वही ठेवून तारीख लिहिली, वेळ लिहिली, हवा शांत असे लिहिले. ती जवळ येऊन उजवा कान वहीकडे करून उभी राहिली, पेन किती वेळ चालते ते ऐकत. बेरीज करायला काही नव्हते. अडतीस या आकड्याच्या खाली त्यांनी लिहिले, आणि तिच्या उजव्या कानापाशी वाकून वाचून दाखवले.

चाळीसपैकी पाच.